ठिपके पुसणारा

पालमचा तो फोटोवाला पेन्सिलीचं टोक जिभेला लावून निगेटिव्हवर फिरवायचा आणि दर वेळी म्हणायचा, "लय चिकना करून देतो, साहेब." गाढवालासुद्धा त्यानं नवरदेव करून सोडलं असतं.

शेतकऱ्यांना दाखवायला मी भिंग लावून ढालकिड्याचा फोटो काढून त्याच्याकडे धुवायला दिला होता. हा किडा पिकाचा रस शोषणारी मावा कीड खातो, म्हणून पाठीवरचे ठिपके ओळखून त्याला जगू द्यायचं. या दीडशहाण्यानं नेमके ठिपकेच पुसले!

"अहो, आता हा ओळखायचा कसा?"

"साहेब, किड्यालाबी इज्जत असती. डागाचा फोटो आपल्या दुकानातून जात न्हाई."

शिवी ओठांवर आली होती. पण गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या स्थळांना दाखवायच्या फोटोतले देवीचे वण त्यानं असेच पुसले, आणि लग्न जमलं तेव्हा पेढे घेऊन मीच गेलो होतो.