प्रत्येक रकान्यात निल

आमचे आजोबा राजाराम मेश्राम एकतीस वर्षं दिल्लीत सरकारी क्लार्क होते. आता आमच्याकडे आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

गेल्या हिवाळ्यात मला दिसलं, बिछान्यातून उठताना ते भिंत धरतात. कूस बदलली की डोळे गच्च मिटतात.

"काय होतंय?"

"काही नाही समता, खोली जरा फिरते. तुझ्या बापाला सांगू नको. तो मला जिना उतरू देणार नाही."

जिना उतरायचा तो रविवारसाठी. कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना असते आणि पुढे बसून ती आजोबा घेतात. एकोणीस वर्षं झाली. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा पंचांग प्रणाम. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. मी शब्द दिला.

फेब्रुवारीत त्याच हॉलमध्ये डॉक्टर इशिता आली. म्हाताऱ्या माणसांना चक्कर का येते, यावर तिचा रिसर्च चालू होता. ती म्हणाली, आधी वय झालं म्हणून गोळी देऊन सोडायचे. आता आम्ही बघतो कोण पडतं, का पडतं, पडायच्या भीतीने कोण घरात बसून राहतं. पुष्कळांच्या कानातले बारीक खडे जागा सोडतात, वाकलं की सगळं गरगरतं. डोकं ठरावीक पद्धतीने वळवून झोपवलं की बहुतेक वेळा थांबतं. पाच मिनिटांचं काम. तिने सगळ्यांना फॉर्म वाटले. त्यात चक्कर लिहिणाऱ्यांना ती तपासायला बोलावणार होती.

आजोबांनी खिशातला पेन काढला. चक्कर: निल. तोल जाणे: निल. पडणे: निल. खाली सही, तारीख.

मी कानात म्हटलं, "आजोबा, खरं लिहा ना यार."

"नोकरीच्या मेडिकलला खरं लिहिलं असतं तर पर्मनंट झालो नसतो. फॉर्म असाच भरतात."

शेवटचा रकाना घरच्यांसाठी होता. इशिताने मला विचारलं, "घर पे इनको कभी चक्कर आते देखा?"

आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. पेनाला टोपण लावत होते, ते लागत नव्हतं.

मी म्हटलं, "नहीं."

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ते दुसऱ्या प्रणामाला वाकले आणि उठताना बाजूला कोसळले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. आता पलंग, वॉकर आणि बाथरूमचा दरवाजा. वंदना दुसरं कोणीतरी घेतं.

मी इशिताला फोन करून सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी घरी आली. ऑपरेशनची बाजू सांभाळत तिने आजोबांचं डोकं वळवलं, थांबली, परत वळवलं.

आजोबांनी डोळे उघडले. छताकडे बघत राहिले.

"थांबली खोली," ते म्हणाले.

घड्याळात सात मिनिटं झाली होती.

जाताना इशिताने नवा फॉर्म काढला. आजोबांनी पेन माझ्या हातात दिला. मी कितीदा मागितला तरी त्यांनी तो कधी दिला नव्हता.

"तू लिही."

मी चक्कर लिहिली, तोल लिहिला, पडणं लिहिलं. घरच्यांच्या रकान्यात लिहिलं, हो, बघितलं होतं. कधीपासून, असं विचारलं होतं तिथे डिसेंबर लिहिलं.