रिकाम्या पाकिटातली चिठ्ठी

मास्तरांचं दुकान मागच्या आठवड्यात बंद झालं. त्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. तळमजला, रस्त्याकडे उघडणारं दार, आत कापडाचे इतके गठ्ठे की पाय ठेवायचा तर आधी परवानगी मागावी लागे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. पंचवीस वर्षं मास्तरांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर बसवल्या. फक्त कॉलर. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अख्खा शर्ट शिवायची सवयच आपल्या हाताला राहिलेली नाही. त्यांनी घरातल्या वॉशिंग मशीनला कव्हर शिवलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्याचा फोटो काढून ऑनलाइन बाजारात टाकला. एक विकलं गेलं, मग दहा. घर त्यावर चालू लागलं.

कव्हर काय, कुणीही शिवेल, असं मला वाटायचं. मास्तरांनी एकदा ते हातात दिलं. पाण्याच्या नळीसाठी मागे चीर, चिरीला दुहेरी शिवण, वर चेन. चेनच्या टोकाला कापडाची इवलीशी टोपी, म्हणजे चेनचा पत्रा मशीनवर ओरखडे काढणार नाही. त्या टोपीबद्दल कधीही कुणी विचारलं नाही. ती प्रत्येक कव्हराला असायची. काम करताना त्यांच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे ते दात न उघडता बोलत. काकू म्हणायच्या, यांचे दात मी लग्नाच्या फोटोत शेवटचे पाहिले.

साहित्यात एम.ए. करून मी नोकरी शोधत घरी बसले होते. मास्तर म्हणाले, बसलीच आहेस तर कव्हरांबद्दल चार ओळी लिहून देत जा. तेव्हापासून मी त्यांची 'पंडित'. वर्णनं मी लिहायची, तो बाजार चालवणाऱ्या कंपनीशी पत्रव्यवहारही मीच करायचा.

कंपनीचा नियम सोपा होता. ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी चारच्या आत पार्सल कंपनीच्या गाडीत चढलं पाहिजे. गाडीवाल्याने पार्सलवरचा कोड टिपला की घड्याळ थांबतं. नाही टिपला तर दंड, शिवाय दुकानाच्या नावापुढे उशिराचा शेरा. एका महिन्यात तीन शेरे झाले की दुकान कायमचं बंद. गाडी कंपनीची, गाडीवाला कंपनीचा, शेरा मात्र मास्तरांचा.

त्या महिन्यात दोन शेरे आधीच बसले होते. दोन्ही वेळा गाडीच आली नव्हती. वाटेतच भरली आणि परत फिरली. नोंद झाली, 'दुकान बंद आढळले.' दुसऱ्या वेळी तर मास्तर सकाळपासून दारात स्टूल टाकून बसले होते. अंघोळीलाही उठले नव्हते. मी कंपनीला फोटो पाठवला. उघडं दार, बांधून ठेवलेली सहा पार्सलं, भिंतीवरचं घड्याळ, स्टुलावर मास्तर. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो. आमच्या नोंदीनुसार दुकान बंद होते.'

मी ते वाचून दाखवलं. मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या.

"म्हणजे मी इथे नव्हतो," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी गाडीवाल्याला गाठलं. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या फोनवर 'गाडी भरली' असं लिहायची सोयच नव्हती. 'दुकान बंद' आणि 'पत्ता सापडला नाही', एवढे दोनच पर्याय. पत्ता सापडला नाही लिहिलं तर त्याचा पगार कापतात. मास्तरांनी त्याला पाणी दिलं आणि विषय सोडला.

महिना संपायला आठ दिवस उरले असताना शिलाई मशीनची मोटर जळाली. सकाळचे अकरा वाजले होते. एकच कव्हर राहिलं होतं, कुठल्या तरी जुन्या, अवाढव्य वॉशिंग मशीनचं. दोन बाजू शिवून झाल्या होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या दुपारी येतो. मास्तरांनी हाताने शिवायला घेतलं. प्लॅस्टिकचं जाड कापड ते, त्यात सुई शिरेना. तिसरी सुई मोडून बोटात गेली तेव्हा काकूंनी कापड ओढून घेतलं.

आतापर्यंत त्यांच्याकडून एकदाही उशीर झाला नव्हता. पहिला खरा उशीर आता होणार होता आणि तोच तिसरा मोजला जाणार होता.

समोरच्या गल्लीतला मोबाइल कव्हरवाला तेवढ्यात डोकावला. त्याचं दुकानही त्याच बाजारात होतं. त्याने परिस्थिती पाहिली आणि हसला.

"मास्तर, रिकामं पाकीट द्या ना गाडीत. कोड टिपला की घड्याळ थांबलं. गिऱ्हाईक बोंब मारेल, मग बदली माल म्हणून खरा पाठवायचा. सगळे हेच करतात. मला तर 'वेळेचा पक्का' म्हणून बिल्ला मिळालाय."

"लोकांच्या तोंडाला पानं पुसायची आणि वर बिल्ला लावून फिरायचं," मास्तर म्हणाले.

तो खांदे उडवून गेला.  काकूंनी एवढंच विचारलं, पुढच्या महिन्यापासून घर कशावर चालवायचं ते सांगा. 

दीड वाजता मास्तरांनी एका रिकाम्या पाकिटावर पत्ता चिकटवला. तोंड बंद केलं. उघडलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नुसतं रिकामं पाठवणं माझ्याच्याने नाही व्हायचं. पंडित, चार ओळी लिही."

मी लिहिल्या. 'नमस्कार. पाकीट रिकामं आहे, चूक आमची आहे. शिलाई मशीनची मोटर जळाली. तुमचं कव्हर उद्या पूर्ण करून टपालाने वेगळं पाठवतो. पोचलं नाही तर या क्रमांकावर फोन करावा.' खाली मास्तरांचा क्रमांक. चिठ्ठी मला चांगली साधली असं वाटलं होतं. तेही इथे कबूल केलेलं बरं.

पावणेदोनला गाडी आली. कोड टिपला गेला. घड्याळ थांबलं.

दुसऱ्या दिवशी मोटर बदलली, कव्हर पूर्ण झालं, चेनला टोपी बसली. टपाल कचेरीत मास्तर दीड तास रांगेत उभे राहिले.

चौथ्या दिवशी ते कव्हर मागवणाऱ्या बाईंचा अभिप्राय आला. पाच तारे. 'इतका सरळ माणूस या बाजारात पहिल्यांदा भेटला. पुरावा म्हणून त्यांची चिठ्ठी जोडते आहे.' खाली चिठ्ठीचा फोटो होता. मास्तरांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. काकू शेजारी सांगून आल्या.

संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. पार्सलमधून ग्राहकाला स्वतःचा फोन क्रमांक देणं हा गंभीर नियमभंग होता. दुकान तात्काळ आणि कायमचं बंद करण्यात येत होतं. पुराव्यादाखल तोच फोटो. माझं अक्षर, क्रमांकाभोवती लाल गोल.

रिकाम्या पाकिटाबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. त्या पार्सलच्या नोंदीत हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वेळेत दिल्याबद्दल आभार.'

 मी अपील लिहिलं, दोन पानी, मुद्देसूद. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. ते माझी अडचण समजू शकत होते.  

मोबाइल कव्हरवाला भेटायला आला. चिठ्ठी कशाला घातलीत, रिकामं म्हणजे रिकामं, असं तो म्हणत राहिला. त्याचं बरोबर होतं. एवढं ओंगळ बरोबर मी आजवर ऐकलं नव्हतं.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"संन्यासी कुठला," मास्तर म्हणाले. "पाकीट मीच दिलं ना गाडीत."

चार दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. चिठ्ठीवरचा क्रमांक त्यांनी जपून ठेवला होता. बहिणीलाही तसंच कव्हर हवं होतं, पण दुकान कुठे दिसत नव्हतं. मी तुमच्याबद्दल लिहिलं ते वाचलंत ना, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. मी खुणेने मास्तरांना म्हटलं, सांगा त्यांना. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"वाचलं, ताई. फार चांगलं लिहिलंत. दुकान आम्हीच मोडलं. वय झालं आता."

बाई म्हणाल्या, मग घरून शिवून द्या. आणि सहज विचारलं, कधी मिळेल?

मास्तरांचा चेहरा आंबट झाला. नासलेल्या दुधाचं भांडं दूर धरावं तसा त्यांनी फोन अंगापासून लांब धरला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी मशीनची लांबी, रुंदी, उंची विचारून खडूने टेबलावरच लिहून घेतली.

"कधी ते विचारू नका," त्या म्हणाल्या. "झालं की मी फोन करते."

मास्तर मागे नळावर चूळ भरत होते. एक झाली, दुसरी झाली. नळ वाहतच राहिला.