पाय आतच होता

माझी मुलगी योकोहामातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात होती. खेळायला नव्हे, व्हिडिओ काढायला. इथे अशा संघांना खेळाडूंखेरीज इतर कामं करणाऱ्या मुलामुलींची फौज लागते, आणि ती कामं ही मुलं चार-चार वर्षं नोकरीसारखी करतात. स्टँडच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर तिवई रोवून ती प्रत्येक चाल टिपायची. तोंडातून आवाज काढायचा नाही, कारण तो रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि नंतर प्रशिक्षकांना ऐकावा लागतो. आपला संघ जिंकत असला तरी तिने टाळी वाजवलेली मी कधी पाहिली नाही.

मला हे मरेपर्यंत जमलं नसतं. माझ्या माहेरी अंपायरला नावं ठेवणं संस्कारातच मोडायचं. वडील एरवी मुंगीला वाट करून देणारे, पण पायचीतचा निर्णय चुकला की त्या अंपायरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि आई स्वयंपाकघरातून त्याला दुजोरा द्यायची.

शाळेत असताना मुलीला वर्गातल्या पोरींनी कधी आपली म्हटलं नव्हतं. डबा वेगळा, केस वेगळे, आडनाव तर उच्चारताच येत नसे. या संघात तिला पहिल्यांदा तिच्या नावाची पट्टी लावलेलं जाकीट मिळालं. ते ती धुवायलासुद्धा माझ्याकडे देत नसे. म्हणून मी तो खेळ शिकले, दर सामन्याला डबा घेऊन हजर राहिले.

तिच्या तिसऱ्या वर्षातला शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. आम्ही चार गुणांनी मागे, आणि शेवटची चाल. आमच्या पोराने कोपऱ्यात उंच उडी मारून चेंडू झेलला. झेलताना एक पाय रेषेच्या आत टेकला की झालं, टचडाउन, म्हणजे सहा गुण. टेकला. मी डोळ्यांनी पाहिला. रेफरीने धावत येऊन दोन्ही हात हलवले: बाहेर. आमच्या गटात व्हिडिओ पाहून निर्णय बदलत नाहीत. संपलं.

मी उभी राहून ओरडले, मराठीत, जेवढं आठवत होतं तेवढं सगळं. आजूबाजूचे पालक मान खाली घालून बसले होते. मग आमचा संघ ओळीत उभा राहिला आणि त्याच रेफरींसमोर कमरेत वाकून आभार मानू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आभार कशाचे? गळा कापल्याचे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीने जेवणाच्या टेबलावर तिचा व्हिडिओ लावला. पाय आतच होता. बूट आणि पांढरी रेष यांच्यामध्ये चार बोटं हिरवं गवत दिसत होतं.

"आता तक्रार करा ना!" मी म्हणाले.

"तसं करत नाहीत, आई. आणि हे कुणाला दाखवू नकोस हं. टीमचं आहे, बाहेर जाऊ द्यायचं नसतं." एवढं बोलून ती आंघोळीला गेली.

मी लॅपटॉपसमोर फोन धरला आणि ती चाल टिपून घेतली. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, 'यांचे डोळे फुटलेत का?' बायकांनी रागाचे लाल चेहरे पाठवले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, वर्षभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

कुणीतरी ती क्लिप जपानी मथळा देऊन इंटरनेटवर टाकली. त्यात रेफरीचा चेहरा स्पष्ट होता. दोन दिवसांत लोकांनी तो कुठे नोकरी करतो ते शोधून काढलं आणि तिथे फोन करायला लागले. तो कोन फक्त एकाच कॅमेऱ्याचा होता, त्यामुळे संघाला माझ्या मुलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण तिच्या वाट्याला आलं.

प्रशिक्षक, कर्णधार आणि ती, असे तिघे मिठाईचा बांधलेला डबा घेऊन रेफरीकडे माफी मागायला जाणार होते. इथे तशीच रीत आहे. मी म्हणाले, "मीपण येते. सांगते त्यांना, हे मी केलंय."

ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आलीस तर पाय आत होता म्हणून सांगशील."

सांगितलं असतं. म्हणून मी घरी थांबले.

संघाने तिला काढलं नाही. प्रशिक्षक म्हणाले, राहा, पण कॅमेरा आता दुसरी मुलगी सांभाळेल, तू पाण्याच्या बाटल्या भर. ती महिनाभर बाटल्या भरत राहिली. मग एके दिवशी जाकीट घडी घालून परत देऊन आली. चौथं वर्ष तिने कॉलेजातून थेट घरी येऊन काढलं. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

कॉलेज संपत आलं तेव्हा एकदा जेवताना तिने आपण होऊन विषय काढला. "त्या दिवशी ते रेफरी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, क्लिप मीपण पाहिली. पाय आत होता, चूक माझीच. त्या मुलांची मला माफी मागायचीय. आणि ते माझ्यापेक्षा खाली वाकले, आई. त्यांनी रेफरीचं काम सोडलं."

"बघ!" मी म्हणाले. "मी म्हणत नव्हते?"

शब्द तोंडातून गेले आणि मग मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

"म्हणूनच सांगत नव्हते तुला इतके दिवस," ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.