रिखबभाऊ माफी मागतात

रिखबभाऊंचं दुकान जळगावात भांड्यांचं, पण जीव अडकलेला अमेरिकेत आणि विलायतेत. नातीनं, जिनलनं, मोबाइलवर तिकडच्या उजव्या मंडळींची भाषणं लावून दिली आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाला कुकरसोबत भाषणस्वातंत्र्यही फुकट मिळू लागलं. "एका वाक्यापायी प्राध्यापकाची नोकरी घालवतात तिकडे! वाक्य पटलं नाही तर उत्तर द्या ना. जमाव ओरडला म्हणून माणसानं माफी मागायची? कद्धी नाही!"

शेजारचे लोटनआबा एकदा म्हणाले, "पन माणूसनी तोंडमा येई ते बोलानं का?"

भाऊंनी भर गिऱ्हाइकांत सुनावलं, "लोटन, तुझी अक्कल आता मोडीत काढायला झाली!" त्या दिवसापासून आबांनी दुकानाची पायरी चढणं सोडलं.

मग संवत्सरी आली. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायचा हा जैनांचा दिवस. उपाशीपोटी भाऊ आबांच्या दारात हात जोडून उभे राहिले. "मिच्छामि दुक्कडम्."

आबांना हसू आवरेना. "भाऊ, माफी मांगानी नही, तुम्हीच सांगतस ना?"

"जमावाच्या धाकानं मागायची नाही!" भाऊ दारातच कडाडले. "मला इथं कोणी पाठवलंय का? माझा मी आलो. तुला लागलं, त्याची माफी मागतो. अकलेबद्दल बोललो ते मात्र कायम!"

"मंग पुढला सालनी माफी बी आजच मांगी ल्या."

भाऊंनी तिथल्या तिथे पुन्हा हात जोडले, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "हं, आता ऐक."