शेजारच्या बाईंची कोरडी लाकडं

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बाहेर, घरं संपून शेतं सुरू होतात तिथे आम्ही एक जुनं घर घेतलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. घराबरोबर मिळालेला, खोल्या गरम ठेवणारा बॉयलर दुसऱ्याच नोव्हेंबरात बंद पडला. तपासायला आलेल्या माणसाने त्याचा गॅस तोडला, वर लाल चिठ्ठी चिकटवली आणि हा आता दुरुस्त होणार नाही म्हणून सांगितलं.

माझा नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्याच्या डोक्यात भलतंच आलं. म्हणाला, "बैठकीतली बुजवलेली फायरप्लेस उघडू आणि तिथे लाकडावरची शेगडी बसवू. अंघोळीच्या पाण्याला टाकीत इलेक्ट्रिक हीटर आहेच." मी नको म्हणत होते. पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा तीही म्हणाली, "अगं, मी चूल सोडून गॅसवर आले, आणि तू लंडनला जाऊन चूल पेटवतेस?"

तरी शेगडी आली. काळी, लोखंडी, काचेच्या दाराची. चिमणीतून नवा स्टीलचा पाइप उतरवला. मी रस्त्यावरच्या एका ट्रेलरवाल्याकडून फोडलेली लाकडं घेतली आणि मोठ्या हौसेने पेटवली. लाकडं नुसती सुसू करत राहिली. काच काळी झाली, धूर खोलीत आला. आठ वर्षांची लेक जिन्यावरून ओरडली, "आई, माझा रूम फ्रीझिंग आहे!"

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाई दारात उभ्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांत सायकलवरून टपाल वाटलं होतं. तोवर आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलेलं नव्हतं.

"तुमच्या चिमणीतून निघतोय तो धूर मला आवडला नाही," त्या म्हणाल्या. "आत येऊ?"

त्यांनी टोपलीतली दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. थप्प असा आवाज आला. "ओली आहेत. अशीच जाळत राहिलात तर चिमणीत डांबर साचेल आणि एक दिवस ते पेट घेईल. आजपासून बंद."

"मग आम्ही करू काय?" मला रडायलाच येत होतं.

त्या गेल्या आणि अर्ध्या तासाने हातगाडी ढकलत परत आल्या. गाडीत त्यांची स्वतःची लाकडं होती, दोन उन्हाळे शेडमध्ये सुकवलेली. गुडघे टेकून त्यांनी मला पेटवायला शिकवलं. खाली दोन ओंडके, वर बारीक ढलप्या, जाळ वरून खाली उतरू द्यायचा. "आणि सारखं दार उघडून बघू नका. तिला तिचं काम करू द्या." वीस मिनिटांत काच स्वच्छ दिसायला लागली. लेक खाली येऊन शेगडीसमोर बसली ती जेवेपर्यंत हललीच नाही.

नंतर दर दोन दिवसांनी हातगाडी यायची. मी नको म्हटलं की त्या म्हणायच्या, "माझ्याकडे भरपूर आहेत."

जानेवारीत बर्फ पडला. दुपारी मी त्यांना शिरा द्यायला गेले. बाई स्वयंपाकघरात ओव्हरकोट आणि टोपी घालून शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्यांची शेगडी थंड होती. मागच्या दारातून शेड दिसत होती, जवळजवळ रिकामी.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"तुझ्याकडे लहान मूल आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी फक्त संध्याकाळी पेटवते. कोट घालून बसायची मला सवय आहे. टपाल काय हीटर लावून वाटत होते?"

शिरा ठेवून मी घरी निघाले. त्या मानी बाईला काय म्हणावं ते वाटेत ठरवलं आणि तशीच परत फिरले. म्हटलं, "मला अजून जाळ नीट सांभाळता येत नाही. रोज दुपारी येऊन बसाल का?"

त्यांना सगळं कळलं असणार. पण त्या आल्या. त्या हिवाळ्यात रोज दोन वाजता शब्दकोडं घेऊन यायच्या, मी आल्याचा चहा करायची. आम्ही भट्टीत सुकवलेल्या लाकडांच्या गोणी मागवल्या, त्यातल्या निम्म्या नवऱ्याने त्यांच्या शेडमध्ये नेऊन रचल्या. त्यांनी त्याला दोनदा रचायला लावल्या, कारण मधून वारा जायला जागा ठेवली नव्हती. रोज भूल देऊन माणसं झोपवणारा माझा नवरा मुकाट्याने पुन्हा रचत होता.

नवा बॉयलर आम्ही पुढेही घेतला नाही. वरच्या खोल्या कधीच खालच्याइतक्या गरम झाल्या नाहीत, तिथे आम्ही जाड रजया घेतल्या. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून त्या बाईंच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसायची. कुठलं लाकूड कोणत्या झाडाचं, हे ती सालीवरून ओळखायला शिकली. मी मात्र आजही अॅश आणि बीचमध्ये चुकते.