कांद्याच्या सालीची गोळी

थोरल्याला दम्यापेक्षा धाकट्या भावाचं हसणं जास्त झोंबलं होतं. बेकरी बापाने थोरल्याच्या नावावर केलेली. पण वर्षानुवर्षं मैदा चाळून त्याचं नाक चोंदलं, छाती वाजू लागली. एकदा भर गिऱ्हाइकांत धाकट्याने त्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली आणि त्याचं नाव भोंगा ठेवलं. अख्खं दुकान हसलं. मग 'दादा, तू घरी आराम कर' म्हणत धाकट्याने भट्टी कधी गिळली, ते कळलंही नाही. गडी ठेवण्याइतकी बेकरी मोठी नव्हती; जो भट्टीवर राबेल, त्याचीच ती. थोरला दातओठ खात घरी बसला.

त्याच सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना एका नव्या गोळीसाठी ॲलर्जीची माणसं हवी होती. कांद्याच्या सालीत एक द्रव्य असतं. प्रयोगशाळेत ते पेशींना शांत ठेवतं, सूज आणि शिंका आणणारं रसायन कमी सुटतं. माणसाच्या अंगात तसंच होतं का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, औषध नसलेली. कोणाला कोणती, ते शेवटी सांगणार. थोरल्याने हे या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं आणि गोळ्या सुरू केल्या. बरं होऊन बेकरी परत घेतल्यावरचं धाकट्याचं पडलेलं तोंड त्याला आतापासूनच दिसत होतं.

आणि खरंच नाक मोकळं झालं, छाती वाजेना. बायको म्हणाली, झालं गेलं विसरा. विसरायला मी काय म्हातारा झालोय, असं तिलाच सुनावून तो तडक बेकरीत गेला. धाकट्याने हातापाया पडून पाहिलं, भावजयीने पोरांकडे बोट दाखवलं.

"उद्यापासून इथं पाऊल टाकायचं नाही," थोरला भर गिऱ्हाइकांत म्हणाला. इतकं गोड त्याला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं. किल्ल्या खिशात घालूनच तो शेवटच्या तपासणीला गेला.

"तुमची गोळी पोकळ होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग मी बरा कसा झालो?"

"मैद्यापासून लांब राहिलात म्हणून. खऱ्या गोळीचं काय, ते आम्हालाही अजून ठाम सांगता येत नाही. पण पुन्हा भट्टीवर गेलात, तर आधीपेक्षा वाईट होईल."

भावाला परत बोलावलं तर छाती वाचेल, एवढं त्याला कळत होतं. पण मग तो पुन्हा हसेल. यातलं काही माझ्या भावाच्या कानावर जाऊ देऊ नका, असं सांगून तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः मैद्याचं पोतं फोडलं, पीठ तिंबलं. दुपारी छातीत घरघर सुरू झाली, तेवढ्यात धाकटा समोरच्या रस्त्याने जाताना दिसला. थोरला दारात आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. धाकटा कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याने श्वास कोंडून धरला.