न जोडलेला पाइप

गल्लीच्या टोकाला नगरपालिकेनं नवा संडास बांधला आणि त्याची राखण, सफाई मावशीकडे आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात म्हातारी सासू आणि ती, दोघीच. जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासलेल्या मावशीला निळा कोट मिळाला, तशी सासू दिसेल त्याला सांगत सुटली, "आमची सून आता ऑफिसात असते!" ऑफिस म्हणजे संडासाच्या दारातली प्लॅस्टिकची खुर्ची.

उद्घाटनाला टँकर आणून वरची टाकी भरली होती. नळाला धो धो धार. बायका हरखून गेल्या. आठवडा सरायच्या आत टाकीत खडखडाट झाला. मावशीनं मागे जाऊन पाहिलं, तर टाकीचा पाइप भिंतीलगत खाली येऊन नुसताच उघडा राहिलेला. रस्त्यातली मोठी लाइन हातभर लांब. कुणी जोडलाच नव्हता.

"बांधकाम आपलं, मावशी," वॉर्डाचा मुकादम म्हणाला. "जोडणी पाणी खात्याची."

पाणी खात्यातल्या माणसानं मानही वर केली नाही. "आधी बांधकामवाल्यांना इमारत ताब्यात द्यायला सांगा."

शेवटी मावशीनंच बादल्या उचलल्या. कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावायची, पाणी वाहायचं, ओतायचं, पुन्हा रांगेत. कंबर धरली, तळहात सोलवटले, पण संडास चालू राहिला.

"घरात घोटभर पाणी नाही आणि तू तिकडे ओततेस?" सासू करवादली.

"आत्याबाई, तुमचे गुडघे घेऊन तुम्ही पुन्हा पहाटे माळावर जाणार होतात का?"



पुढे एकदा कळलं, कोणता वॉर्ड पाण्याचं आणि सफाईचं काम किती चोख करतो ते तपासायला वरून पथक येणार. सकाळीच टँकर हजर. मुकादमानं मावशीला बाजूला घेतलं. "मॅडमनी विचारलं तर सांगायचं, पाणी भरपूर आहे. उगाच शहाणपणा नको."

मावशी हो म्हणायचंच ठरवून उभी होती. पण तपासणीच्या मॅडम तरुण होत्या, आवाज मऊ. "ताई, पाणी रोज येतं ना?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही मॅडम," ती बोलून गेली. "आज तुम्ही येणार म्हणून आलं."

तिनं मागे नेऊन पाइप दाखवला. मॅडमनी फोटो काढला, आभार मानले. मुकादमाचा चेहरा पडला. मावशी घरी आली ती हलकी होऊन. "आता जोडतील बघा, आत्याबाई."

काही दिवसांनी मुकादम आला तो कुलूप घेऊन.

"जोडायला आलात ना?"

"बंद करायला. मॅडमनी लिहिलंय, पाणी नाही, आरोग्याला धोका. पाणी येईपर्यंत वापर बंद."

"मग पाणी कधी येणार?"

"वापरात नसलेल्या इमारतीला जोडणी मंजूर होत नाही, मावशी." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि कोट जमा करावा लागेल."

तपासणीत वॉर्डाचा नंबर मात्र वर गेला. बंद पडलेले संडास मोजायचे नसतात म्हणे.

बायका पुन्हा पहाटे माळावर जाऊ लागल्या. शेजारीण तोंडावर म्हणाली, "एकदा खोटं बोलली असतीस तर तुझी जीभ झडली असती का?" मावशीनं मोठ्या ऑफिसात खेटे घातले. मॅडम दुसऱ्या गावाला गेल्या होत्या. त्यांच्या जागेवरचे साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमच्या तक्रारीची दखल घेतली, म्हणूनच तर बंद केला ना?"

सासूनं दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. मग सकाळचंही. लघवीला आग होऊ लागली, ताप चढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "भरपूर पाणी पाजा."

मावशी पेला घेऊन अंथरुणाशी बसली.

"आत्याबाई, दोन घोट घ्या. माझ्यासाठी."

"पिऊन जाऊ कुठं?" म्हातारी म्हणाली आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मावशीनं पेला पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. ओठ उघडले नाहीत.